पाठीशी गडगा

हॅगरिगच्या खोऱ्यात ससे धरणारा माणूस ओळखायचा झाला तर त्याच्या कोटाची पाठ बघायची. पाठीवर शेवाळाचा हिरवा डाग असला आणि लोकर दगडाला घासून विरली असली, की समजायचं, हा लर्चरवाला. कारण खोऱ्यातला एकही लर्चरवाला मोकळ्या रानात उभा राहत नसे. आधी तो दगडी गडगा शोधी, त्याला पाठ टेकवी, आणि मगच कुत्रं सोडी.

ही पद्धत सेप रेनने सुरू केली. सेप म्हणजे सेप्टिमस, आईबापांचं सातवं. सगळा जन्म कोळशाच्या खाणीत गेला, आणि खाणीतून वर आल्यावरचा सगळा वेळ कुत्र्यांत. पण ही पद्धत त्याने स्वतःच्या डोक्यातून काढली नव्हती. शेजारच्या टॉट हेस्लपचं बघून काढली होती.

लर्चर म्हणजे टेरियर आणि व्हिपेट यांच्या संकरातून झालेलं कामाचं कुत्रं. व्हिपेट वाऱ्यासारखा पळतो, पण अंगावर केस नाहीत, आणि काट्यात शिर म्हटलं की त्याला घर आठवतं. बेडलिंग्टन टेरियर डोळे मिटून काट्यात शिरतो, पण तो सशामागे धावायला लागला तर ससा म्हातारपणाने मरायची वाट बघावी लागते. दोघांना एकत्र आणलं की एकाचं काळीज आणि दुसऱ्याचे पाय मिळतात. निदान मिळावेत अशी अपेक्षा असते. पुष्कळदा उलटंच होतं. टेरियरचे पाय आणि व्हिपेटचं काळीज घेऊन जन्मलेली कुत्री खोऱ्यात घरोघरी चुलीपुढे झोपलेली असत, आणि त्यांचे मालक त्यांच्याबद्दल बोलणं टाळत.

त्यातून ससा धरला म्हणजे झालं असंही नाही. तो जिवंत, दात न लागता, मालकाच्या हातात आणून द्यायला हवा. टॉटची कुत्री बेस ते करायची. तिने आणलेल्या सशाच्या अंगावरचा केस वाकडा झालेला नसे. सेपने ते पहिल्यांदा गडग्यापलीकडून पाहिलं आणि त्याला दोन रात्री धड झोप लागली नाही. मग त्याने टॉटवर नजर ठेवली. टॉट तिला बोलवायचा नाही, शीळ घालायचा नाही, खिशात खाऊ ठेवायचा नाही. एकच गोष्ट तो दर वेळी करायचा. बेसने ससा धरला रे धरला, की टॉट मागे सरकत सरकत जाऊन गडग्याला पाठ लावायचा. चिखल असो, काटेरी झुडूप असो, एकदा तर मधमाश्यांचं पोळं होतं, पण तो गेलाच.

सेपने खाणकामगारांच्या क्लबात जाऊन सांगितलं, खुबी रक्तात आहेच, पण अर्धी गडग्यात आहे.

खोऱ्याला हे पटलं. कोणी म्हणालं, मागे भिंत असली की माणसाचा वास पसरत नाही. कोणी म्हणालं, कुत्र्याला माणूस मोठा दिसतो आणि त्याचा धाक बसतो. ज्यांच्या रानात गडगा नव्हता त्यांची पंचाईत झाली. वरच्या आळीतला एक जण मेव्हण्याला बरोबर न्यायचा आणि त्याच्या पाठीला पाठ लावून उभा राहायचा. दुसरा कुंपणाच्या फाटकाला टेकला, फाटकाची कडी निघाली, आणि तो शेणाच्या ढिगात उताणा पडला. कुत्री सुधारली नाहीत. पण कोणी पद्धत सोडली नाही. सुधारली नाहीत ती आपलीच चूक, आपण नीट टेकलो नसू, असं जो तो मनाशी म्हणे.

राहिला प्रश्न रक्ताचा. बेस कुठून आली, असं टॉटला विचारलं की त्याचं उत्तर ठरलेलं होतं. ॲपलबीच्या घोड्यांच्या जत्रेत एका भटक्या माणसाकडून घेतली. पिवळी घरगाडी होती त्याची, आणि तांबडी दाढी. चांगला लर्चर भटक्यांकडूनच येतो हे खोऱ्यात सगळ्यांना ठाऊक होतं, त्यामुळे पुढे कोणी काही विचारलं नाही.

सेपने मात्र माणूस शोधायचा असं ठरवलं. दर जूनमध्ये तो गाड्या बदलत ॲपलबीला जायचा आणि घोड्यांच्या लाथा चुकवत तांबडी दाढी शोधायचा. पहिल्याच वर्षी त्याला तीन सापडल्या. तिघांनीही सांगितलं, हो हो, ती कुत्री माझीच, तिची सख्खी भाची आहे माझ्याकडे. सेपने एकाकडून ती भाची आणली. ती वाढत वाढत वासराएवढी झाली आणि सशाला बघून सेपच्या मागे लपायला लागली. ती शेवटी एका मेंढपाळाला दिली, आणि त्यानेही ती पुढे कोणाला तरी दिली.

जत्रेला निघताना त्याची बायको ऑलिव्ह त्याला जाड गोल पावात डुकराचं मांस आणि वाटाण्याचा लगदा भरून द्यायची. संध्याकाळी तो दमून घरी आला की त्याच्यापुढे चहा ठेवून विचारायची, "मिळाला का तांबड्या दाढीवाला?"

"नाही गं."

"पुढच्या वर्षी मिळेल," असं म्हणून ती आत जायची. तिचा चेहरा या वेळी अगदी गंभीर असायचा. सेपला वाटायचं, बिचारीला आपल्याइतकंच वाईट वाटतंय.

हे विशेष होतं, कारण ऑलिव्हला लर्चर या जातीचाच तिटकारा होता. ती प्रदर्शनात उतरणारे शुद्ध बेडलिंग्टन पाळायची. त्यांचे केस कात्रीने असे कापायची की कुत्रा नव्हे, कोकरूच वाटावं. डोक्यावर पांढरा फुगा, कानांच्या टोकांना गोंडे. तिच्या कुत्र्यांनी पुढच्या खोलीत राहायचं, सेपच्या व्हिपेटांनी मागच्या अंगणात, आणि मधलं फाटक कायम बंद. लग्नानंतर त्यांच्यात दोन-चार मोठी भांडणं झाली, त्यातली बहुतेक त्या फाटकावरून. खोऱ्याच्या श्वान-प्रदर्शनाची ती अध्यक्ष होती. एका माणसाच्या मादीला मिश्र पिल्लं झाली होती, तर तिने त्याला सगळ्यांसमोर विचारलं होतं, फाटक लावता येत नाही त्याने शुद्ध कुत्रं पाळावं कशाला? तो माणूस पुन्हा प्रदर्शनात आला नाही. चॅपेलमध्येसुद्धा तो नंतर तिच्यापासून लांबच्या बाकावर बसायचा.

ऑलिव्ह फेब्रुवारीत गेली. छाती भरली, आठवडाभर अंथरुणात होती, आणि एका सकाळी सेप चहा घेऊन गेला तेव्हा ती गेलेली होती. त्याने तो चहा टेबलावर ठेवला. तो किती वेळ तिथेच होता ते त्याला सांगता आलं नसतं. शवपेटीला पुढून एका बाजूला सेपचा भाचा होता आणि दुसऱ्या बाजूला टॉट.

मागे राहिली पर्ल, ऑलिव्हची शेवटची बेडलिंग्टन. म्हातारी, अर्धी बहिरी. सेपचा शेवटचा व्हिपेट मेजर केव्हाच गेला होता. तसा व्हिपेट खोऱ्याने पाहिला नव्हता असं सेप म्हणायचा, आणि यात बाकीचेही त्याला दुजोरा देत. मेजरची एक खोड होती. ससा धरला की तो समोरून यायचा नाही. लांबून वळसा घालून मागून यायचा आणि ससा मालकाच्या गुडघ्यामागच्या खळग्यात दाबायचा. कोणी शिकवलं नव्हतं. सेपने ती मोडायचा प्रयत्न केला आणि मग सोडून दिला. अकरा वर्षं त्याच्या विजारी डाव्या गुडघ्यामागे फाटत राहिल्या.

अंत्यविधीनंतरच्या आठवड्यात टॉटची बायको हॅना हातात कात्री घेऊन दारात हजर झाली. म्हणाली, पर्लचे केस वाढतील, ऑलिव्हला आवडलं नसतं, आण तिला, मी कापून देते. सेप नको म्हणाला. ऑलिव्हची कात्री ज्या खुंटीला होती त्याच खुंटीला असू दे असं त्याला वाटलं, आणि दुसरी कात्री पर्लला लावायची नाही असंही. हॅना आठ दिवसांनी पुन्हा आली. नंतर पुन्हा. सेपला तिची ही कळकळ कळेना. वसंत संपेपर्यंत पर्लच्या अंगावर राखाडी झिपऱ्या लोंबायला लागल्या. डोक्यावरचा फुगा डोळ्यांवर आला. न उचललेल्या अंथरुणासारखी ती घरभर फिरायची.

घर शांत होतं. सेपला स्वयंपाक यायचा, चूल पेटवता यायची, कॉलर इस्त्री करता यायची. त्यात काही अडलं नाही. अडलं ते संध्याकाळी. बूट काढून बसलं की कोणी काही विचारायचं नाही.

जूनमध्ये तो ॲपलबीला गेला नाही. त्याच सुमाराला क्लबात बातमी आली की बेस व्याली. तिचं वय पाहता हे शेवटचं वेत. याआधीच्या तिच्या वेतांतलं एक पिल्लू मागायला सेप दर वेळी गेला होता आणि दर वेळी टॉटने सांगितलं होतं, सगळी बोलून झाली. ती पिल्लं खोऱ्यातही राहत नसत. किनाऱ्याकडे कोणा कोणाकडे जात. सेपला ते लागायचं, पण माणसाचं कुत्रं, माणसाची मर्जी, असं म्हणून तो गप्प बसायचा.

या वेळी पिल्लं दूध सोडायच्या बेताला आली तेव्हा त्याने दाढी केली, कोट घातला, पर्लच्या गळ्यात दोरी अडकवली आणि टॉटच्या घरी गेला.

टॉट मागच्या वाफ्यात लीकच्या, म्हणजे जाड कांदापातीच्या, रोपांना माती लावत होता. सप्टेंबरच्या प्रदर्शनाला लीक मनगटापेक्षा जाड लागतात, त्यामुळे जूनपासून तो त्यांच्याशी बायकोपेक्षा जास्त बोलायचा. सेपला बघून तो उठला. पर्लला बघून पुन्हा बसला.

"हिचे केस कापून घे की," तो म्हणाला.

"केसांचं सोड. किती झाली बेसला?"

"चार."

"आणि चारही बोलून झालीत."

टॉटने एका लीकच्या बुडाशी नीट माती दाबली. ती आधीच दाबलेली होती. "झालीत रे," तो म्हणाला.

सेप तिथून एरवी परत फिरला असता. पण तो हलला नाही.

"टॉट, तू तिच्या पेटीला खांदा दिलास. म्हणून मी विचारतोय. मी सत्तरीला टेकलो. हे माझं शेवटचं कुत्रं असणार, यापुढे आणलं तर ते माझ्या मागे राहील आणि त्याचं करणार कोण? मला दुसऱ्या रक्ताचं नको. एक दे. नाहीतर तोंडाने नाही म्हण, म्हणजे मी पुन्हा या वाफ्यात येणार नाही."

टॉटने पुन्हा तीच माती दाबली. स्वयंपाकघराच्या दारात हॅना केव्हाची बटाटे सोलत उभी होती. तिने सुरी पाण्यात टाकली.

"टॉट हेस्लप," ती म्हणाली, "ती बाई मातीखाली आहे. तिला आता कुठल्या कमिटीत बसायचंय?"

"शब्द म्हणजे शब्द," टॉट लीककडे बघत म्हणाला.

"शब्द जितेपणीचा होता."

"असं ती म्हणाली नव्हती."

"न म्हणायला काय झालं, मरायचा विचार नव्हता तिचा तेव्हा."

हा वाद त्यांच्यात आज सुरू झालेला नाही, एवढं सेपला ऐकताना समजलं. बाकी काही समजलं नाही. कोणती बाई, कोणता शब्द, हे विचारायच्या आत हॅनाने त्याच्या कोटाची बाही धरली. पिल्लं बघ तरी, बघितल्याने ती झिजत नाहीत, असं म्हणत तिने त्याला अंगण ओलांडून धुण्याच्या खोलीत नेलं. टॉट कुदळ टाकून मागे धावला.

धुण्याची खोली लहान होती. एका कोपऱ्यात विटांच्या चुलीवर कपडे उकळायचा मोठा तांब्याचा हंडा, समोर गवताची पेटी. पेटीत बेस आडवी पडली होती आणि पिल्लं तिला तुडवत होती. सेप आत येताच टॉट घाईने म्हणाला, "भिंतीला टेक. भिंतीला टेकून बघ, सेप."

सेप टेकला. त्याला त्यात काही वावगं वाटलं नाही. पिल्लांनाही लहानपणापासून सवय लावत असेल, टॉट मुळात काटेकोर माणूस.

तेवढ्यात पर्लने दोरी ओढली. घरात तिला चुलीपासून वाडग्यापर्यंत हाकलावं लागायचं. इथे ती तरातरा हंड्यापर्यंत गेली, हंडा आणि भिंत यांच्यामधल्या चिंचोळ्या फटीत झिपऱ्यांसकट घुसली, दोनदा गोल फिरली, पायांनी फरशी खरवडली आणि आपल्याच घरी आल्यासारखी बसली. बेसने पेटीतून मान उचलून तिच्याकडे पाहिलं. दोघींचे चेहरे ओळीने दिसले. एक झिपरी, राखाडी, अरुंद थोबाडाची. दुसरीही झिपरी, राखाडी, अरुंद थोबाडाची, पण वयाने लहान.

सेपच्या मनात काहीतरी हललं, पण नीट वर आलं नाही. "ही इथे कशी..." असं म्हणत तो पर्लला ओढून काढायला भिंत सोडून पुढे गेला आणि हंड्यापाशी वाकला.

"सेप, भिंत," टॉट म्हणाला, पण त्याच्या आवाजात आता जीव नव्हता.

सेप वाकलेलाच होता तेव्हा त्याच्या डाव्या गुडघ्यामागच्या खळग्यात काहीतरी टेकलं. मऊ आणि ओलसर. मग ते दाबलं गेलं. थोडं थांबून आणखी जोरात, घे की आता, असं म्हणावं तसं.

तो वळला नाही. वळायची गरजच नव्हती. डोळे फसतील, पण अकरा वर्षं तिथे सशामागून ससा दाबला गेला होता, आणि त्या गुडघ्याला तेवढी एक गोष्ट पक्की ठाऊक होती.

"मेजर," तो म्हणाला.

टॉटने टोपी काढली. हॅनाने ॲप्रनला हात पुसले आणि ती चहा टाकायला गेली, कारण आता बोलायला बसावं लागणार होतं.

स्वयंपाकघरात तिने सगळं सांगितलं. टॉट मधूनमधून "मी वचन दिलं होतं" एवढंच म्हणत होता. ज्या दिवशी सेपला लीकच्या प्रदर्शनात बक्षीस मिळालं, त्या दिवशी तो क्लबातून गात गात घरी आला आणि मधलं फाटक लावायला विसरला. पर्ल माजावर होती. ऑलिव्हने सकाळी पुढच्या खोलीचं दार उघडलं तेव्हा मेजर गालिच्यावर पर्लच्या शेजारी झोपलेला होता. तिने त्याला कानाला धरून अंगणात सोडलं, फाटक लावलं आणि सेपला काही म्हणाली नाही. कसं म्हणणार? फाटक लावता येत नाही त्याने शुद्ध कुत्रं पाळू नये, हे तिने चार महिन्यांपूर्वीच सगळ्या खोऱ्याला सुनावलं होतं.

"पण पर्लला तेव्हा त्वचेचं काहीतरी झालं होतं," सेप म्हणाला. "समुद्राची हवा लागते म्हणून ऑलिव्ह तिला घेऊन बहिणीकडे व्हिटबीला..."

"टोपली तूच नेऊन दिलीस ना बसपर्यंत?"

"मीच."

"पुढच्या थांब्याला उतरली ती. शेताशेताने चालत इथे आली, टोपली घेऊन. पर्ल त्या हंड्यामागे व्याली. तीन झाली. दोन माझ्या भावाने किनाऱ्याला नेली. एक यांनी ठेवून घेतलं, गप्प बसायच्या बोलीवर. तीच बेस." तिने नवऱ्याकडे पाहिलं. "आणि तिने ससा आणला तर मागून. पहिल्याच दिवशी. हे घरी आले ते पांढरे पडून. म्हणाले, सेपने एकदा पाहिलं की संपलं. तेव्हापासून भिंत."

"तेव्हापासून भिंत," टॉट म्हणाला. "पाठ टेकवली की तिला समोरून यावंच लागतं. माझी पाठ गेली, सेप. उठताना आवाज येतो."

सेपने कप बशीत ठेवला. वरच्या आळीतला तो आणि त्याचा मेव्हणा पाठीला पाठ लावून उभे असलेले त्याच्या डोळ्यांसमोर आले. शेणात पडलेला आला. स्वतःचा कोट आला. पण हसू त्याच्या तोंडापर्यंत आलं नाही, कारण वाटेत दुसरं काहीतरी आडवं आलं.

"आणि तिला तर लर्चर डोळ्यांपुढे नको असायचा," तो म्हणाला.

हॅनाने आपला कप बाजूला सारला. मग म्हणाली, "दर गुरुवारी यायची ती."

"गुरुवारी चॅपेलात बायकांची सभा असायची."

"ती मंगळवारी. गुरुवारी ती इथे यायची, टॉटच्या बुटांत पाय घालायची आणि बेसला घेऊन मागच्या रानात जायची. भिंतबिंत काही नाही, मधोमध उभी राहायची. मला म्हणायची, हॅना, पळताना बघ तिला, हे मी प्रदर्शनात कोणाला दाखवू? आणि गुडघ्यामागे ससा टेकला की अशी ओरडायची, एवढी मोठी बाई." हॅनाने चहाच्या किटलीवरचं टोपण उगाच नीट केलं. "मोज्यांची मात्र वाट लागायची. मागून चिंध्या."



ते मोजे सेपला ठाऊक होते. गुरुवारी संध्याकाळी ऑलिव्ह ते दिव्याजवळ घेऊन बसायची आणि रफू करायची. एकदा त्याने विचारलं होतं. ती म्हणाली होती, चॅपेलच्या बाकाच्या फळीची काडी निघालीय, बरोबर गुडघ्यामागे लागते. त्याच शनिवारी सेप रंधा घेऊन चॅपेलमध्ये गेला होता. तिचा बाक त्याने तासला, मग कागदाने घासला, मग मेण लावलं. पुढच्या गुरुवारी मोजे पुन्हा फाटले. तेव्हा त्याने पुढचा आणि मागचा असे दोन्ही बाक तासले. एका हिवाळ्यात त्या बाजूचे सगळे बाक झाले. पाळक त्याला म्हणाले होते, सेप, तुझी श्रद्धा वाढलेली दिसतेय.

आता मात्र ते आलं. आधी त्याचे खांदे हलले. हॅनाला वाटलं तो रडतोय, आणि ती उठायला लागली. मग आवाज फुटला, आणि तो टेबलावर हात आपटून हसायला लागला. हसताना डोळ्यांतून पाणी यायला लागलं, आणि त्यातलं कोणतं कशाचं ते त्याने बघितलं नाही. त्याने बाकांचं सांगितलं तसा टॉटही सुटला. हॅना ॲप्रन तोंडाला लावून म्हणाली, हेही ती सांगायची. तू जत्रेहून आलास की दुसऱ्या दिवशी इथे येऊन याच खुर्चीवर बसायची, रुमाल तोंडात कोंबून. म्हणायची, यंदा माझ्या नवऱ्याला दोन तांबड्या दाढ्या भेटल्या.

"सांगणार होती ती," हॅना म्हणाली. "प्रदर्शनाचं काम सोडलं की सांगते म्हणायची. दर वर्षी सोडणार होती."

धुण्याच्या खोलीत परत गेले तेव्हा पर्ल हंड्यामागे घोरत होती. सेपच्या गुडघ्यामागे आलेलं ते पिल्लू तिच्या पोटाला टेकून बसलं होतं. मघाशी गुडघ्यामागे दाबलेला सशाच्या कातड्याचा तुकडा अजून त्याच्या तोंडात होता. तो तुकडा कोणीच घेतला नव्हता, त्यामुळे ते नाराज दिसत होतं. सेपने त्याला उजेडात धरलं. अंग पिंगट, पाय लांब, पंजे मोठे. हनुवटीखाली विरळ केसांचा एक झुबका होता, आणि तो तांबूस होता.

सेपने तो बोटाने चाचपला.

"मिळाला," तो म्हणाला. ज्याला कळायचं होतं ते माणूस तिथे नव्हतं, पण हॅनाला कळलं आणि तिने तोंड फिरवलं.

फाटकापाशी टॉटने त्याला थांबवलं. आता क्लबात सांगायचं का, असं त्याने विचारलं. त्याची पाठ खरंच दुखत होती, आणि सगळ्यांना खरं कळलं तर त्याला पुन्हा माणसासारखं रानाच्या मध्ये उभं राहता आलं असतं. सेपने पिल्लू कोटाच्या आत नीट बसवलं आणि विचार केला. खोऱ्याचं प्रदर्शन ऑगस्टमध्ये होतं. अध्यक्षांच्या खुर्चीमागे तिचा फोटो लावायचं ठरलं होतं. फाटक न लावता येणारा तो माणूससुद्धा ते बघायला येणार होता.

"पाठीला मोहरीचं तेल लाव," सेप म्हणाला.

पुढच्या वसंतापर्यंत दाढी, म्हणजे ते पिल्लू, कामाला लागलं. लोकांसमोर सेप गडग्याला टेकूनच उभा राहायचा. इतका नीट टेकायचा की बाकीचे त्याच्याकडे बघून आपली पाठ सरळ करत. दाढी समोरून यायचा, जरा गोंधळून, आणि ससा हातात द्यायचा. लोक म्हणायचे, बघा, टेकणं याला म्हणतात.

पण गुरुवारी दुपारी सेप एकटाच टॉटच्या मागच्या रानात जायचा. पर्ल फाटकाजवळ उन्हात पडून राहायची. तो गडग्यापासून लांब, मधोमध जाऊन उभा राहायचा. पाठ मोकळी सोडायची पहिल्यांदा त्याला भीती वाटली होती, इतक्या वर्षांची सवय. दाढी सुटायचा, गवत हलायचं, मग काही वेळ काहीच दिसायचं नाही. सेप मागे वळून बघायचा नाही. उभा राहायचा आणि वाट बघायचा.

एका रविवारी चॅपेलमधून बाहेर पडताना पाळकांचं त्याच्या विजारीकडे लक्ष गेलं. डाव्या गुडघ्यामागे चांगलं मोठं भगदाड होतं. रफू केलेलं होतं, पण पुरुषाच्या हातचं.

"अरे सेप, हे काय झालं?"

सेपने वाकून, पहिल्यांदाच बघितल्यासारखं ते बघितलं.

"बाकाची काडी," तो म्हणाला.

"पण ते सगळे बाक तर तूच तासलेस."

"तासले खरे," सेप म्हणाला आणि त्याने टोपी घातली. "पण निघते एखादी. आमच्या ऑलिव्हलाही नेहमी तिथेच लागायची."